तुकडे जोडा, पण हात न लावता!

मुंबईत वर्सोव्याहून मेट्रो धरायची, अंधेरीला उतरून विरार लोकल पकडायची, की नालासोपारा काही फार लांब नाही. आज तिथे उतरलात तर रिक्षांची रांग आणि ही गर्दी! पण दोस्तांनो, हे एके काळचं मोठं बंदर, शूर्पारक. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने इथे दगडावर आज्ञा कोरून घेतल्या. १८८२ मध्ये जुन्या लेखांचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यातला एक फुटका तुकडा मिळाला. ओळी अर्ध्यावर तुटलेल्या, ना आगा ना पिछा.

तरी त्यांनी बरोबर ओळखलं की हा अशोकाचा आठवा लेख! कसं काय? पंडितजी मूळचे जुनागढचे. तिथे गिरनारच्या पायथ्याशी एकाच भल्यामोठ्या शिळेवर अशोकाचे चौदा लेख आहेत, आणि ते पंडितजींनी तरुणपणीच अभ्यासले होते. जिगसॉच्या खोक्यावर पूर्ण चित्र छापलेलं असतं ना, तसं पूर्ण चित्र त्यांच्या डोक्यात तयार होतं. (आठव्या लेखात अशोक म्हणतो, आधीचे राजे शिकारीला जायचे, मी धर्मयात्रेला जातो.) पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. बाकीच्या लेखांचा अजून पत्ता नाही.

पण खोकंच हरवलेलं असेल तर? १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या एका गुहेत गुराखी पोरांना जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या सापडल्या. मग आसपासच्या गुहांमधून निघाले कातड्याचे नि पपायरसचे २५,००० हून जास्त तुकडे! काही तर तुमच्या नखाएवढे. १९५० च्या दशकात विद्वान मंडळी लांबच लांब टेबलांवर ते पसरून जुळवत बसायची, आणि जुळले की काय लावायची माहितीये? सेलोटेप! त्याचा गोंद कातड्यात मुरला, डाग पडले. तो टेप हलक्या हाताने काढण्यात पुढच्या लोकांची वर्षं गेली.

आता तुकडा आपल्या डबीत शांत पडून राहतो, फिरतो तो त्याचा फोटो. कातडं काळं पडून अक्षर दिसेनासं झालं असेल तर इन्फ्रारेड प्रकाशात फोटो काढतात. त्यात काळं कातडं उजळ दिसतं, शाई मात्र काळीच राहते, आणि अक्षरं वर येतात. मग कॉम्प्युटरवर प्रत्येक तुकडा वेगळ्या लेअरवर ठेवायचा, फिरवायचा, सरकवायचा. हजार वेळा चुकलात तरी मूळ तुकड्याला ओरखडासुद्धा नाही!

मात्र कडा जुळली म्हणून उड्या मारायच्या नाहीत. दोन ओळींमधलं अंतर सारखं आहे का? हस्ताक्षर एकाच माणसाचं आहे का? आणि जनावर? हो, जनावर! २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या कातड्यांचा डीएनए तपासला. एकाच ग्रंथाचे मानलेले काही तुकडे निघाले मेंढीच्या कातड्याचे, तर काही गाईच्या. म्हणजे ते एका गुंडाळीतले नव्हतेच.

हा खेळ घरी करून बघा. मित्राला सांगा, जुन्या मराठी वर्तमानपत्राची दोन पानं मला न दाखवता फाड, तुकडे मिसळ आणि त्यातले थोडे लपवून ठेव. (आजचा पेपर नको, आजोबांचा वाचून व्हायचाय.) पंखा बंद करा, नाहीतर वर्सोव्याचा वारा कमी पडला म्हणून तो मदतीला येईल. काळ्या कागदावर एकेक तुकडा ठेवून बरोबर वरून, सारख्याच उंचीवरून फोटो काढा. शेजारी फूटपट्टी हवीच. तिच्यावरून सगळे फोटो एका मापाचे करता येतात. गिंप नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात तुकड्यांची काळी पार्श्वभूमी पुसा आणि लागा कामाला. आपली देवनागरी इथे फार उपयोगी पडते. एका तुकड्यावर तुटलेली शिरोरेषा दुसऱ्यावर सरळ पुढे जाते का बघा. रेघ वरखाली झाली तर जोडी चुकलीच. तुकडा फिरवायला परवानगी आहे, ताणायला अजिबात नाही. ताणला की काय, कशालाही काहीही चिकटतं!

मधली गळालेली अक्षरं अंदाजाने भराल ती वेगळ्या लेअरवर, लाल रंगात. शोधलेलं किती नि आपल्या मनाचं किती, ते बघणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे. अभ्यासक छापतानासुद्धा अशी अक्षरं कंसात टाकतात.

सोपाऱ्याचे लेख बघायचे असतील तर फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. आणि गावच्या घरी माळ्यावर एखादी जुनी, फाटकी पोथी निघाली, तर तिचे तुकडे स्वच्छ पाकिटात ठेवा, फोटो काढा, मोठ्यांना दाखवा. सेलोटेप मात्र लावू नका हं!