न्यूटांसाठी बंद ठेवलेला रस्ता

कॅलिफोर्नियात बर्कली गावामागच्या डोंगरात टिल्डन पार्क आहे. तिथला साउथ पार्क ड्राइव्ह हा रस्ता दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च गाड्यांना बंद असतो. दरड कोसळते म्हणून नाही. विणीसाठी ओढ्याकडे निघालेले न्यूट चाकांखाली येऊ नयेत, एवढंच कारण. घाटात हॉर्न वाजवत वाढलेल्या मला हे ऐकून आधी हसू आलं होतं.

जानेवारीतली सकाळ होती, रात्रभर पडलेला पाऊस नुकताच उघडला होता. इथला पावसाळा हिवाळ्यातच येतो. आम्हा पंधरा जणांना घेऊन निघालेल्या निसर्ग-मार्गदर्शक बाईंची पहिली सूचना होती : झाडांकडे नको, पायाखाली बघा. मग काय, पाव मैलाला तास लागला!

पहिला न्यूट माझ्या बुटाशेजारीच निघाला. वीतभराहून थोडा आखूड, पाठ तपकिरी, पोट पिकल्या संत्र्यासारखं. एक पाय उचलायचा आणि पुढे टाकायचा विसरल्यासारखा तसाच अधांतरी ठेवायचा, अशी त्याची चाल. पाल म्हणावं तर अंगावर खवले नाहीत, बेडूक म्हणावं तर शेपूट आहे. गोत मात्र बेडकांचंच. सह्याद्रीत हा नाही. त्याचा एक भाऊबंद दार्जिलिंगकडे सापडतो.

एका मुलाने हात पुढे केला. बाईंनी न ओरडता तो अलगद मागे घेतला. न्यूटच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगणाऱ्या पफर माशात असतं तेच विष. नुसत्या स्पर्शाने माणूस मरत नाही, पोटात गेलं तर मरू शकतो. आपल्या हाताचं क्रीमही त्याच्या ओल्या कातडीतून आत जातं, म्हणजे धोका दोघांनाही. गार्टर साप मात्र त्याला खाऊन पचवतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाचं विष वाढत गेलं, दुसऱ्याची सहनशक्ती.

खाली ओढ्याच्या संथ डोहात मला आधी कुजलेल्या मुळांचा गुंता दिसला. मग तो गुंता वळवळला. नर आधी येऊन थांबतात. पाण्यात त्यांची खरखरीत कातडी गुळगुळीत होते, शेपटी वल्ह्यासारखी चपटी. मादी आली की सगळे एकदम तिला कवटाळतात. बाईंनी सात मोजले, मला सहाच सापडले. मादी त्यात कुठे होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. काठच्या काडीला सुपारीएवढा जेलीचा गोळा चिकटला होता, आत भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी. एका गोळ्यात सात ते सत्तेचाळीस असतात.

वीण आटोपली की ही मंडळी पुन्हा डोंगर चढतात आणि उंदीर-घुशींच्या बिळांत, ओंडक्यांखाली कोरडा उन्हाळा काढतात.

जायचं तर पाऊस पडून गेल्यावर जा. गाडी फाटकाबाहेर ठेवावी लागते. चालायला रस्ता खुला आहे.