अस्थिसंख्या : ३६०, ३०० की २०६?

बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षात शारीर विषयाचा अभ्यास करताना विद्यार्थी बहुधा अस्थिगणनेपाशी अडखळतो. चरकसंहितेत अस्थी ३६०, सुश्रुतसंहितेत ३००, तर आधुनिक शारीरात प्रौढाच्या २०६. विद्यार्थिदशेत आम्हीही या तिन्ही संख्या पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या. मात्र त्यांचा मेळ घातला नाही.

वस्तुतः हा भेद मुख्यत्वे गणनेच्या निकषांचा आहे. चरकाचार्यांनी ३२ दात, त्यांची ३२ उलूखले आणि २० नखे अस्थींत धरली. सुश्रुताचार्यांनी शाखांत १२०, मध्यशरीरात ११७ व मानेपासून वर ६३ अशी विभागणी केली. नखे वगळली, परंतु दातांना ‘रुचक’ आणि नाक, कान इत्यादी ठिकाणच्या कास्थींना ‘तरुण’ अस्थी मानले. आधुनिक शास्त्र दात व कास्थी हाडांत धरत नाही. शिवाय २०६ ही संख्यादेखील संकेताने ठरलेली आहे. तीत गुडघ्याची वाटी मोजली जाते. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असणारी दोन छोटी हाडे मोजली जात नाहीत. तथापि सुश्रुतोक्त प्रत्येक अस्थी आधुनिक अस्थीशी जुळतेच असे नाही, हेही प्रांजळपणे मान्य करावे.

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग काय? काही वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडलेला एक तरुण छातीच्या दुखण्यासाठी आमच्याकडे आला. क्ष-किरण चित्रात बरगड्या अभंग दिसल्या. ‘हाडाला काही झालेले नाही’ असे सांगून आम्ही त्यास कामावर जाऊ दिले. आठ दिवसांनी तो अधिक वेदना घेऊन परतला. उरोस्थीलगत बोटाने दाबताच तो कळवळला. इजा बरगडीच्या पुढील कास्थिमय भागास होती, आणि साध्या क्ष-किरण चित्रात कास्थी सहसा दिसत नाही. तरुणास्थी वाकतात, नलकास्थी मोडतात, कपालास्थी भेगाळतात व रुचकास्थी फुटतात, हे भग्ननिदानात आम्ही वाचले होते. रुग्णाच्या छातीवर हात ठेवताना मात्र ते आठवले नाही. विश्रांती व उपचारांनी तो बरा झाला, पण त्याचे ते आठ दिवस आमच्या चुकीमुळे वेदनेत गेले.

म्हणून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी संख्या अवश्य पाठ कराव्यात; परंतु प्रत्येक अस्थी हाती घेऊन ती कोणत्या प्रकारची, कोठे जोडलेली व आघाताने तिचे काय होईल, हे स्वतःस विचारावे. सुश्रुताचार्यांनी शास्त्रज्ञानास प्रत्यक्ष शवपरीक्षणाची जोड आवश्यक मानली, ती याचसाठी.