शिवणीतील माया



शिवणकामाच्या परिभाषेत एक फार गोड शब्द आहे, तो म्हणजे ‘माया’. शिवणीच्या आत, कोणास न दिसेल असे जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. आखूड झालेला झगा हाताने खाली ओढीत फळ्यापाशी येणारी मुलगी शिक्षकांच्या नेहमी पाहण्यात असते. तिचा झगा फाटलेला नसतो, विटलेलाही नसतो. बेतताना त्यात माया ठेवलेली नसते, इतकेच. मुलांचा कपडा एक वर्ष पुरणार की दोन, हे यंत्रावर बसण्यापूर्वीच ठरलेले असते.

प्रथम कापड भिजवावे. मागावर सूत ताणलेले असते आणि पुढील प्रक्रियांतही कापड ओढले जाते. पाणी लागताच हा ताण सुटून कापड आटते. कोरे सुती कापड शेकडा ३ ते ५ आटू शकते; म्हणजे ३० इंची झगा दीड इंचापर्यंत आखूड होईल. मुलाच्या वाढीसाठी ठेवलेली माया मग पहिल्या धुण्यातच संपते. सॅन्फोर्ड क्लुएट यांनी १९३० साली पेटंट घेतलेल्या रीतीने आधीच आटवलेले ‘सॅनफोराइज्ड’ कापड याला अपवाद होय. एरव्ही कापड रात्रभर पाण्यात ठेवून, न पिळता सावलीत वाळवावे व किंचित ओलसर असताना इस्त्री करावी.

दुसरी गोष्ट धाग्याची. काठाला समांतर जातो तो ताणा, आडवा जातो तो बाणा. काठ कापला गेला असल्यास कापड दोन्ही हातांनी ओढून पाहावे. ताण्याच्या दिशेने ते फारसे वाढत नाही, बाण्याच्या दिशेने थोडे वाढते आणि तिरपे, म्हणजे उरेब धरल्यास सर्वांत अधिक वाढते. कपड्याची लांबी ताण्यावर घ्यावी. थोडे कापड वाचावे म्हणून तुकडे वाकडे बेतले, तर धुतल्यानंतर बाजूच्या शिवणी पोटावर किंवा पाठीवर फिरतात.

आता माया किती ठेवावी? बाजूंना १ इंच आणि खालच्या दुमडीत ३ इंच पुरेत. गळा व मुंढा येथे मात्र अर्ध्या इंचाहून अधिक ठेवू नये, कारण गोलाईत जादा कापड गोळा होऊन कपडा ओढला जातो. तेथे टिपेला धक्का न लावता कात्रीने बारीक चिरा द्याव्यात, म्हणजे गोलाई नीट बसते. शिवणीस इंचाला १० ते १२ टाके असावेत. पण पुढे उसवावयाची दुमड हाताने तुरपावी. त्यामुळे उसवताना कापडास इजा होत नाही. आतल्या कडांवर तिरपे टाके घालावेत, नाहीतर सूत सुटून मायाच झिजते.

दुमड सोडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते. ओले फडके ठेवून इस्त्री केल्यास घडी बसते. परंतु कापडाचा रंग विटला असेल, तर फरक राहतोच. अशा वेळी त्या रेघेवर रंगीत फीत लावावी, अथवा तेथेच एक अरुंद टक घालावा. टक घातल्यास त्याच्या रुंदीच्या दुप्पट लांबी खर्ची पडते, हे ध्यानात ठेवावे. पडद्यांनाही हेच नियम लागू आहेत. घर बदलले की खिडकीची उंची बदलते, आणि तीन इंचांची दुमड नवे कापड घेण्याचा खर्च वाचवते.

कपडा शिंप्याकडे देणार असाल, तर मापे देतानाच ‘बाजूंना इंचभर आणि खाली तीन इंच माया ठेवा’ असे स्पष्ट सांगावे. कडा यंत्रावर बांधताना जादा कापड छाटले जाते, आणि एकदा छाटलेले कापड परत जोडता येत नाही. तयार कपडा घेताना तो उलटा करून आतील शिवण पाहावी. कापडाचा पोत आपण पाहतोच. मुलाच्या वाढीसाठी आत किती जागा ठेवली आहे, हेही पाहून मगच पैसे द्यावेत.