युरेनसची कडी कशी सापडली?

वर्गात आम्ही विचारतो, "कडी कोणत्या ग्रहाला असतात?" उत्तर एकच येतं, "शनीला!" युरेनसचं नाव क्वचितच कुणी घेतं. त्यात मुलांची चूक नाही. १९७७ पर्यंत शास्त्रज्ञांनाही हे ठाऊक नव्हतं.

ईदचा चांद पाहायला गच्चीवर गेल्यावर कधी चंद्राजवळ एखादा तारा दिसतो. चंद्र सरकत सरकत कधी कधी तारा झाकतोही. अल-दबरान, म्हणजे आपली रोहिणी, असाच अधूनमधून चंद्राआड जातो. याला पिधान म्हणतात. ग्रहदेखील तारे असेच झाकतात.

१० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अमेरिकेचे जेम्स इलियट आणि त्यांचे साथी दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागरावर गेले. त्यांना युरेनसच्या वातावरणाचा अभ्यास करायचा होता, कड्यांचा विचारही नव्हता. पिधानाची नेमकी वेळ पक्की नव्हती, म्हणून यंत्र बरंच आधी सुरू केलं. हीच खबरदारी कामी आली. ग्रह ताऱ्यापर्यंत पोचायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता, तरी ताऱ्याचा उजेड क्षणभर पडला, पुन्हा आला. असं पाच वेळा झालं.

आधी वाटलं, छोटे चंद्र आडवे आले असतील. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतही त्या रात्री तारा मंदावताना दिसला होता आणि तिथल्या शास्त्रज्ञांनीही नवा चंद्र असल्याचंच मांडलं. पण विचार करा: लहानशा चंद्राची सावली दूर दक्षिणेतल्या विमानावर आणि तमिळनाडूवरही कशी पडेल? शिवाय विमानातली नोंद तपासली तर ग्रहाच्या दुसऱ्या बाजूलाही तसेच झोके निघाले, जवळपास तेवढ्याच अंतरावर. चंद्र एका बाजूला असतो, कडं मात्र ग्रहाभोवती पूर्ण फिरलेलं असतं. तारा त्यामागून जाताना दोनदा झाकला जाणारच.

ही कडी कोळशासारखी काळी, बहुतेक तर दहा किलोमीटरहूनही अरुंद. सुमारे २९० कोटी किलोमीटरवरून तेव्हाच्या दुर्बिणीला ती थेट दिसणं फार अवघड होतं. व्हॉयेजर-२ यानाने १९८६ मध्ये जवळून फोटो काढले, तेव्हा ती स्पष्ट दिसली.

नेपच्यूनने मात्र गोंधळ घातला. १९८४ मध्ये तारा एकाच बाजूला झाकला गेला, म्हणून तिथे अर्धवट कमानीच असाव्यात असं वाटलं. १९८९ मध्ये व्हॉयेजर पोचलं, तर कडी पूर्ण होती. फक्त काही ठिकाणी जास्त दाट.