देशाचा वकील आणि आपली तूर

वकील म्हटला की आपल्यापुढे लातूरच्या कोर्टातला काळा कोट उभा राहतो. पण शेतकरी बंधूंनो, पेशवाईत परमुलखाच्या दरबारी आपली बाजू मांडणाऱ्यालाही वकीलच म्हणत. म्हणून राजदूताच्या कचेरीला आजही वकिलात म्हणतात. हे काम फक्त दिल्लीवाल्यांच्या पोरांचं, असा आपल्याकडे एक समज आहे. तो तेवढा खरा नाही.

ज्ञानेश्वर मुळे हे नाव आपण ऐकलं असेल. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं अब्दुल लाट हे त्यांचं गाव. १९८३ साली ते भारतीय विदेश सेवेत दाखल झाले. पहिली नेमणूक टोकियोत, तेव्हा जपानी शिकावी लागली. या नोकरीत निवड झाल्यावरही एक परकी भाषा शिकून परीक्षा द्यावीच लागते.

२००९ पासून ते मालदीवमध्ये उच्चायुक्त होते. देश बेटांचा, एवढासा. पण तिथलं राजकारण आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपेक्षाही तापलेलं. २०१२ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारनं भारतीय कंपनीचं विमानतळाचं कंत्राट रद्द केलं. राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यानं भर सभेत मुळ्यांनाच देशद्रोही ठरवलं. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये माजी अध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्यावर अटक वॉरंट निघालं आणि ते थेट भारतीय उच्चायुक्तालयात येऊन बसले, १३ ते २३ तारखेपर्यंत. आता सांगा, दारी आलेल्याला बाहेर काढावं की यजमान सरकारचा राग ओढवून घ्यावा? गावात दोन भावकींच्या मध्ये सापडलेल्या पोलीस पाटलाला हे लवकर कळेल.

त्यानंतर न्यूयॉर्कला वाणिज्यदूत, मग दिल्लीत परराष्ट्र खात्याचे सचिव. पासपोर्टचं काम त्यांच्याकडे होतं तेव्हाच, जानेवारी २०१७ मध्ये, टपाल कार्यालयात पासपोर्ट केंद्रं उघडायला सुरुवात झाली. म्हैसूर आणि गुजरातेतलं दाहोद पहिली. त्याआधी खेड्यातल्या माणसाला एका कागदासाठी मोठं शहर गाठावं लागे, मुक्कामाचा खर्च वेगळा. डिसेंबर २०१६ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्याचा नियमही सैल झाला; शाळा सोडल्याचा दाखला चालू लागला. मात्र २०२५ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो. ग्रामसेवकांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. आज नोंद राहिली तर ते लेकरू पुढं अडकेल.

आता आपल्या तुरीचं. २०१६ साली भारतानं मोझांबिकशी डाळी आणण्याचा करार केला. पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढत वाढत २ लाख टनांपर्यंत. त्याच हंगामात आपल्याकडे अमाप तूर आली. बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये क्विंटल होता, तरी बाजार त्याच्या खालीच राहिला. सगळं खापर त्या करारावर फोडणं बरोबर नाही, पीकच भरमसाट होतं. मुळ्यांचाही त्याच्याशी संबंध नाही. पण असे करार ज्या टेबलावर होतात, तिथं तुरीचं झाड पाहिलेला माणूस बसलेला असावा की नाही? १९७९ पासून केंद्राच्या या परीक्षेचे पेपर मराठीतही लिहिता येतात. वयाची अट २१ ते ३२, इतर मागासांना ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७ पर्यंत. लातूरला पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येतात, तिथंच याचीही चौकशी करावी.