द्वारपाळ आणि गृहस्थ

आमचें छत्रपति संभाजीनगर हें ५२ दरवाज्यांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास वसविलेल्या खडकीला पुढें औरंगजेबानें १६८२ मध्यें तट घातला. तेव्हां वेस लागली कीं गरीब व श्रीमंत एकाच तटाआड निजत. आतां तटाचे तुकडे उरले आहेत, आणि ज्याच्यापाशीं पैसा आहे तो आपल्या बंगल्यापुरती वेस बांधून घेतो. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांनीं संपत्ति आणली. तिच्यामागून गणवेषांतले पहारेकरी, कॅमेरे आणि क्वचित् अंगरक्षकहि आले.

ही भीति अगदींच निराधार नाहीं. मे २०२५ मध्यें वाळूजजवळच्या बजाजनगरांत एका उद्योजकाच्या घरीं, कुटुंब परदेशीं असतां, दरोडा पडला. घरीं असलेल्या सेवकास बांधून दरोडेखोरांनीं सुमारें ५.५ किलो सोनें व ३२ किलो चांदी नेल्याचें प्रसिद्ध झालें. अशा वेळीं आपण कुंपण उंच करतों. परंतु चोरास भिंतीपेक्षां बातमीची गरज अधिक असते: घरचीं माणसें केव्हां बाहेरगांवीं जाणार, तिजोरी कोठें आहे. ही बातमी नित्य घरीं वावरणाऱ्यांस आपोआप कळते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, पहिल्याच अधिकरणांत, राजाच्या आत्मरक्षणावर स्वतंत्र अध्याय आहे. राजाजवळ पिढीजात संबंधांतला, शिकलेला व कसोटीस उतरलेला मनुष्य असावा. ज्यास धन व मान मिळालेला नाहीं, किंवा ज्यास एकदां दुखवून पुन्हां जवळ केलें आहे, तो नसावा, असा तेथील अभिप्राय आहे. शस्त्राइतकाच मनाचा विचार त्या आचार्यानें केला.

आजचा कायदाहि मनुष्याची पारख सांगतो. २००५ च्या केंद्रीय कायद्यान्वयें खासगी सुरक्षा संस्थेस परवाना लागतो. तो दर्शनी जागीं लावावा लागतो. पहारेकरी १८ वर्षें पूर्ण झालेला व ६५ वर्षांच्या आंतला, पूर्ववृत्त तपासलेला व शिक्षण घेतलेला असावा. केंद्राच्या आदर्श नियमांत हें शिक्षण १०० तास वर्गांत व ६० तास प्रत्यक्ष कामावर सांगितलें आहे. पहारेकऱ्यांची नोकरी व कल्याण यांसाठीं महाराष्ट्रानें १९८१ सालींच कायदा केला आहे.

तेव्हां गृहस्थानें संस्थेचा परवाना पाहावा, पूर्ववृत्ताची खात्री करून घ्यावी, आणि आपण मोजतों त्या पैशांतून त्या मनुष्याच्या हातीं प्रत्यक्ष किती पडतें हेंहि विचारावें. हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. बारा बारा तास उन्हांत उभा राहणारा, प्यावयास पाणी व शौचाची सोय नसलेला, महिन्याच्या पगारासाठीं ताटकळणारा मनुष्य आमच्या फाटकाशीं असतो. ज्याचें नांवहि घरांत कोणास ठाऊक नाहीं, त्याच्या भरंवशावर आपण रात्रीं लेंकरें निजवितों.

आमच्या भगिनींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, दागिन्यांची व प्रवासाची वाच्यता चारचौघांत करूं नये. आणि दारच्या मनुष्यास नांवानें हांक मारण्याची, त्याच्या घरची विचारपूस करण्याची संवय मुलांस लहानपणींच लावावी.