चेहरा नसलेल्या शिपायाची फिल्म

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावानं ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी भूमध्य समुद्र ओलांडून इटलीत लढल्या. तिथं तिबेर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी रायगडच्या यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पराक्रमाची अशी नोंद होते. बोटीवरचे दिवस, घरची ओढ, परतल्यावरचा अबोला यांची होत नाही. मग या शिपायांची फिल्म करायची तर पडद्यावर दाखवायचं काय?

फिलिप शेफनर या जर्मन दिग्दर्शकाची ‘द हाफमून फाइल्स’ (२००७) इथूनच सुरू होते. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ छावणीत पहिल्या महायुद्धातले हिंदी कैदी होते. जर्मन अभ्यासक त्यांना भोंग्यासमोर उभं करून त्यांचे आवाज मुद्रित करत. ११ डिसेंबर १९१६ रोजी माल सिंग हा पंजाबी शिपाई बोलला, तेही तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तसा: हिंदुस्थानात लोणी खाणारा एक माणूस युरोपातल्या लढाईत सापडला, आता त्याला घरी जायचंय. शेफनर त्याचा माग काढत जातो, पण माल सिंगच्या भूमिकेत कुणा नटाला उभं करत नाही. मधूनमधून पडदा चक्क काळा राहतो आणि आपण नुसतं ऐकतो.

शेफनरचीच ‘हावारी’ (२०१६) त्याहून हट्टी. २०१२ साली भूमध्य समुद्रात एका पर्यटक जहाजावरून कुणीतरी स्थलांतरितांच्या रबरी होडीचं साडेतीन मिनिटांचं चित्रण केलं होतं. शेफनरनं ते ताणून दीड तासाचं केलं. निळ्या पाण्यावर एक काळा ठिपका, तोही हलता. कानावर मात्र बचावयंत्रणेचं रेडिओवरचं बोलणं आणि जहाजावरच्या, किनाऱ्यावरच्या माणसांचे आवाज. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगा! पण बातमीत आपण ज्या होडीवरून क्षणात पुढं सरकतो, तिथंच इथं बसून राहावं लागतं.

अपशिंग्यात अशी फिल्म करायची तर रणगाडे नकोत, बिगूलही नको. इटली पाहिलेली पिढी जवळपास सरली. त्यांचं बोलणं ऐकलेल्या सुना-नातवंडं आहेत. कॅमेऱ्याआधी रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जावं लागेल. आजोबा काय सांगायचे हे तर विचारायचंच, पण कुठला विषय निघाला की उठून जायचे, तेही.